‘ओल’, ‘पाझर’ आणि ‘सादळणे’ : दमट हवेतील गृहस्वच्छतेची परिभाषा

घराची झाडलोट हा विषय भाषाशास्त्राच्या पत्रिकेत यावा, हे काही वाचकांस अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु अलीकडे ‘पर्यावरणस्नेही स्वच्छता’ या नावाने जो उपदेश प्रचारात आहे, त्यातील मुख्य उणीव शब्दांची आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत झाले आहे. या उपदेशात द्रव्यांची नावे तेवढी बदलतात. विकतच्या रसायनाच्या जागी व्हिनेगर येते, साबणाच्या जागी रिठा येतो. मळ कोणता, ऋतू कोणता आणि कामाचा क्रम कोणता, हे प्रश्न मात्र तसेच राहतात. कोकणच्या घरांतून वापरात असलेल्या मराठीत या प्रश्नांचा विचार करणारी परिभाषा आहे, आणि ती झपाट्याने लोप पावत आहे.

रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाकाठी सरासरी ३,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो व त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. अशा ठिकाणी घरातील पाण्याला एकच नाव असून भागत नाही. छपरातून येते ती ‘गळती’. भिंतीच्या अंगातून बाहेर येतो तो ‘पाझर’. जांभा दगड सच्छिद्र असल्यामुळे झडीचे पाणी तो आत घेतो. जमिनीतून भिंतीत वर सरकते ती ‘ओल’, आणि म्हणूनच ओल ‘चढते’. गळती कधी चढत नाही. याखेरीज पाणी कोठूनही आलेले नसताना पापड मऊ पडतात, आगकाडी पेटत नाही, पुस्तकाची पाने लिबलिबीत होतात; याला ‘सादळणे’ म्हणतात. कोरड्या वस्तूने हवेतील बाष्प शोषून आपला कडकपणा गमावणे, एवढा सगळा अर्थ या एका क्रियापदात सामावला आहे. ‘सर्द’ या शब्दाचा प्रवासही लक्षणीय आहे. फारसीत त्याचा अर्थ केवळ ‘थंड’. मराठीत मात्र तो ‘दमट’ या अर्थाकडे झुकला.

सादळण्याचे मोजमाप स्वयंपाकघरातच असते. शुद्ध मीठ, म्हणजे सोडियम क्लोराइड, हवेची सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाघळू लागते; खडेमिठात मॅग्नेशियमचे क्षार मिसळलेले असल्यामुळे ते त्याहूनही आधी पाघळते. भिंतीच्या पृष्ठभागाशी आर्द्रता ७० ते ८० टक्क्यांच्या आसपास टिकून राहिली की बुरशीही वाढीस लागते. म्हणजे बरणीतील मिठाला पाणी सुटू लागले की कपाटामागील भिंतीकडे पाहण्याची वेळ आली, असे खुशाल समजावे. त्या दिवशी बादलीभर पाणी ओतून जमीन धुणे हे, द्रव्य कितीही निरुपद्रवी असले तरी, बुरशीला खाद्य घालण्यासारखेच होय. पावसाळ्यात केरसुणी आधी, घट्ट पिळलेले फडके नंतर व धुणे क्वचित, हा क्रम त्यामुळेच योग्य ठरतो.

आज या सर्व प्रकारांना शहरी मराठीत ‘लीकेज’ किंवा ‘डॅम्पनेस’ म्हणतात. परकीय शब्दांविषयी लेखकाची तक्रार नाही. ‘साबण’ हाही परकीयच आहे. पण निरनिराळे अर्थ एका शब्दात कोंबले गेले की उपायही एकच उरतो. एका ग्रंथालयात कोशांच्या मांडणीमागील भिंत दरवर्षी काळी पडे आणि दरवर्षी तिच्यावर नवा रंग चढे. ओल पायाकडून चढत होती. रंगाच्या अभेद्य थराने तिची बाहेर पडण्याची वाट तेवढी बंद केली. तिसऱ्या पावसाळ्यात रंगाचे पोपडे निघाले आणि खालच्या फळीवरचे ग्रंथ बुरसले. मराठीत याला फार जुना शब्द आहे : सारवासारव.

हा शब्द ज्या ‘सारवणे’ या क्रियेवरून आला, तिच्याबद्दल सध्या बरेच भाबडेपणाने लिहिले जाते. शेणाने सारवलेली जमीन धूळ धरून ठेवते व कोरड्या हवेत सुखद वाटते, हे खरे. तथापि शेण हा सेंद्रिय पदार्थ आहे. तो वाळला नाही तर बुरशीस पोषकच ठरतो, शिवाय धनुर्वाताचे बीजाणू त्यात असू शकतात. अंगण, म्हणजे दक्षिण कोकणातील ‘खळे’, पाऊस सरल्यावर चोपून सारवतात, ऐन पावसाळ्यात नव्हे. क्रियापदाला ऋतू जोडलेला होता. तो सोडून क्रिया तेवढी उचलली की परंपरा पाळल्याचे समाधान मिळते आणि घर मात्र कुबट राहते.

चुन्याची गोष्ट अधिक आशादायक आहे. विरवलेला चुना तीव्र अल्कधर्मी असतो आणि त्या अवस्थेत बुरशी त्यावर रुजत नाही. शिवाय चुन्याच्या थरातून भिंतीतील बाष्प बाहेर जाऊ शकते. मात्र हवेतील कार्बन डायऑक्साइड घेऊन त्याचे हळूहळू कॅल्शियम कार्बोनेट होते व संरक्षण ओसरते. वर्षाआड सफेती करण्याच्या रिवाजामागे शोभेबरोबर हेही कारण आहे.

आम्ल आणि अल्कली यांचा भेद जुन्या घरांत शब्दांनी शिकवला जात नसे. तो भांड्यांनी शिकवला जाई. तांब्यापितळेला चिंच किंवा आमसूल, कारण आम्लाने धातूवरील काळपटपणा विरघळतो. तेलकट भांड्यांना राख, कारण लाकडाच्या राखेतील पोटॅशियम कार्बोनेट तेलाशी संयोग पावून थोडाफार साबण तयार करते. आज व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा एकत्र करून फेस दाखवण्याची रूढी पडली आहे. तो फेस कार्बन डायऑक्साइडचा असतो. मागे उरते ते बव्हंशी पाणी आणि सोडियम ॲसिटेट, आणि दोहोंचा मूळ गुण नाहीसा झालेला असतो. शहाबादी फरशी चुनखडीची असल्याने व्हिनेगराने वा लिंबाने तिची झिलई जाते, हेही सांगितले जात नाही. ब्लीचिंग पावडरीत आम्ल मिसळल्यास क्लोरीन हा विषारी वायू निघतो. येथे तर अज्ञान जिवावर बेतू शकते.

रिठ्याचे नाव संस्कृत ‘अरिष्टक’ या शब्दाकडे जाते. त्याचे दुसरे संस्कृत नाव ‘फेनिल’ हे अधिक बोलके आहे. त्यातील सॅपोनिन द्रव्ये सौम्य असून मातीत सहज विघटन पावतात. पण दमट हवेत रिठ्याचा काढा दोनचार दिवसांत आंबतो. तो लागेल तेवढाच करावा. बाटल्या भरून ठेवणे व्यर्थ होय.

प्रत्यक्ष बुरशी आली असता ती कोरडी झटकू नये, कारण बीजाणू खोलीभर पसरतात. फरशी, लाकूड किंवा रंगवलेली भिंत यांवरील बुरशी नाकातोंडाला कापड बांधून साबणाच्या पाण्याने पुसावी व जागा त्याच दिवशी पंख्याखाली पूर्ण वाळवावी. पुस्तकांना हा उपाय चालत नाही. ती आधी वाळवावीत, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशाने स्वच्छ करावीत. कपाटात वेखंडाच्या पुरचुंड्या किंवा कडुनिंबाचा पाला ठेवण्याची चाल किडीसाठी आहे, बुरशीसाठी नव्हे. आणि पाला पुरता वाळलेला नसेल तर आपणच कपाटात ओल नेऊन ठेवतो.

मोल्सवर्थच्या १८५७ च्या कोशात ‘पोतेरे’ हा शब्द सारवण्याच्या फडक्यासाठी आहे. आज तो राबवून टाकलेल्या माणसाविषयीच अधिक ऐकू येतो, आणि घरातील हे काम कोणाच्या वाट्याला येत आले हे ध्यानात घेता या अर्थविस्ताराचे नवल वाटत नाही. खरे पोतेरे मात्र अजून प्रत्येक मोरीच्या कोपऱ्यात असते, बहुधा ओले, आणि घराच्या कुबट वासाचा उगम पुष्कळदा तेथेच सापडतो. पाऊस मध्येच थांबतो त्या अवकाशाला मराठीत ‘उघडीप’ म्हणतात आणि त्या वेळी वस्तूंना ऊन ‘दाखवतात’. उघडीप तासाभराचीच असेल तर प्रथम पोतेरे बाहेर काढावे, मग गाद्या आणि पुस्तके. जमीन पुसण्याचे काम दुसऱ्या दिवसावर टाकले तरी चालेल.