यंत्रांचं घर (भाग ८) : तारेच्या आतली चराई

गेल्या आठवड्यात घरातला केर काढणारा रोबो पाहिला. आज त्याचा अंगणातला भाऊ, गवत कापणारा.

श्टुटगार्टजवळच्या आमच्या घरी आई पहिल्यांदा आली, तेव्हा खुर्ची टाकून त्याच्याकडे तासभर बघत बसली. शेवटी न राहवून म्हणाली, "अगं, केर काढताना आपण एका कडेनं जातो. हा वेड्यासारखा वाट्टेल तिकडे काय जातो?"

आईची शंका बरोबर आहे. साधी यंत्रं सरळ जातात, हद्द लागली की वळतात आणि भलत्याच दिशेला निघतात. एका दिवसात बऱ्याच जागा सुटतात, पण आठवडाभरात सगळी हिरवळ पुरी होते. मुळात हे कापणं नसून चरणं आहे. रोज गवताचे शेंडे तेवढे खुडायचे. ते बारीक तुकडे तिथेच पडून कुजतात आणि त्यांचं खत होतं, त्यामुळे गवत गोळा करायला नको. मात्र घोटाभर वाढलेल्या रानात याला सोडू नका. पहिली कापणी हातानं ढकलायच्या यंत्रानं करा, मग याला उंचीचा आकडा वर ठेवून सुरू करा आणि हळूहळू खाली आणा.

ही कल्पना तशी जुनी. सतराव्या शतकात स्वीडिश सैन्याच्या बंदुका बनवण्यापासून सुरुवात झालेल्या हुस्क्वार्ना कंपनीनं १९९५ मध्ये सौरऊर्जेवर चालणारं असं यंत्र बाजारात आणलं. आता उपग्रहांच्या संकेतांवर, हद्द आखणाऱ्या तारेशिवाय चालणारीही मिळतात. त्यांना डोक्यावर मोकळं आभाळ लागतं. आमच्याकडे सफरचंदाचं झाड आणि शेजाऱ्यांची उंच भिंत, म्हणून तार.

खरं काम या तारेचं आहे. चार्जिंगच्या तळापासून निघून हिरवळीला वेढा घालून ती परत तळावर येते. तिच्यातून अगदी कमी दाबाचा संकेत फिरत असतो आणि आपण तारेच्या आत आहोत की बाहेर, एवढंच यंत्राला कळतं. भिंतीपासून वीतभर नाही, चांगलं दीड वीत अंतर सोडा. सपाट फरसबंदी असेल तर चार बोटं पुरतात, कारण यंत्राचं चाक तिच्यावर चढू शकतं. कोपरे काटकोनात न वळवता गोलसर घ्या. खुंट्या जवळजवळ ठोका, तार कुठेही उचललेली दिसता कामा नये. नाहीतर यंत्र पहिल्याच दिवशी स्वतःची हद्द कापून टाकतं.

गंमत आहे ती फुलांच्या वाफ्याची. हिरवळीच्या मधोमध वाफा असेल, तर तार कडेपासून आत न्यायची, वाफ्याला वेढा घालायचा आणि आली त्याच वाटेनं परत कडेला आणायची. जाणारी आणि येणारी तार एकमेकींना चिकटून ठेवल्या की दोघींचे संकेत एकमेकांना मारतात आणि यंत्र त्यांच्यावरून खुशाल जातं. बाहेरचा वेढा घड्याळाच्या उलट असेल, तर वाफ्याचा घड्याळाप्रमाणे हवा. तार स्वतःलाच ओलांडून गेली की यंत्राला आत-बाहेर कळेनासं होतं.

पाती दाढीच्या ब्लेडसारखी पातळ असतात, स्क्रूवर सैल लटकतात आणि दगड लागला की मागे दुमडतात. गवताची टोकं पिंजल्यासारखी, पिवळी दिसू लागली की पाती बोथट झाली समजा. बदलताना यंत्र बंद करून उलटं करा, हातमोजे घाला आणि स्क्रूही नवेच लावा. झिजलेल्या स्क्रूवरून नवं पातं उडू शकतं. खालचा चिखल ब्रशनं काढा. जोराच्या फवाऱ्यानं धुतलं तर पाणी आत शिरतं.

रात्री मात्र याला अजिबात चालवू नका. इथल्या बागांत हेजहॉग येतो. दिसायला साळिंदरासारखा काटेरी, नारळाएवढा, पण साळिंदराच्या नात्यातला नव्हे. धोका दिसला की पळायचं सोडून तो अंगाची गुंडाळी करतो, आणि यंत्रापुढे तीच त्याच्या जिवावर बेतते. कोलोन शहरानं २०२४ मध्ये रात्रीच्या चालवण्यावर बंदीच घातली. शिवाय जर्मनीत निवासी भागात रविवारी, सुट्टीच्या दिवशी आणि रात्री आठ ते सकाळी सात गवत कापायचं यंत्र लावता येत नाही. वेळापत्रक एकदा नीट भरून ठेवा.

थंडीत यंत्र पुसून, पूर्ण चार्ज करून घरात ठेवायचं. गेल्या वर्षी तसंच ठेवलं होतं. एप्रिलमध्ये बाहेर काढलं, तर तळावर लाल दिवा. तार कुठेतरी तुटली होती, आणि एकशेवीस मीटर तार तोवर गवताखाली गडप झालेली! तळाची वीज काढली, तारेची दोन्ही टोकं सोडवली, उरलेल्या तारेचं भेंडोळं एका टोकाला जोडून ओढत मध्यावर नेलं आणि मल्टिमीटर लावला. 'पीं' वाजलं की तेवढी तार शाबूत. मग उरलेल्या साठाचा मध्य, मग तीस, मग पंधरा. सात-आठ मीटरवर आले, तेव्हा मीटर बाजूलाच ठेवला. समोर हिरवळीच्या कडेला लाल ट्युलिपची रांग डोलत होती. ऑक्टोबरात कंद लावायला तिथे फावडं मीच मारलं होतं.

आधी मी तार पिळून वर चिकटपट्टी गुंडाळली. दोन पावसांत आत पाणी शिरलं, तांबं हिरवं पडलं आणि दिवा पुन्हा लाल. जमिनीखालच्या जोडाला आत जेल भरलेला कनेक्टरच लागतो, आणि तो अगदी स्वस्त मिळतो.

तेव्हा तार अंथराल त्याच दिवशी तिचा नकाशा काढून ठेवा, वाफ्यांपासूनच्या मापांसकट. आमचा फ्रिजवर चिकटवलेला आहे.