थाळनेरची लढाई पाच दरवाज्यांत झाली. अशी रणभूमी जपायची म्हणजे नेमकं काय जपायचं?

धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात, तापीच्या काठावर थाळनेर हे गाव आहे. खानदेशच्या फारुकी सुलतानांची ही पहिली राजधानी. पण इथल्या किल्ल्यावर २७ फेब्रुवारी १८१८ रोजी जे घडलं, त्याची चर्चा थेट ब्रिटिश संसदेत झाली होती.

काय घडलं होतं?

डिसेंबर १८१७ मध्ये महिदपूरच्या लढाईत होळकरांचा पराभव झाला. पुढच्याच महिन्यात मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचा खानदेशातला मुलूख इंग्रजांकडे गेला. त्याचा ताबा घ्यायला जनरल थॉमस हिस्लॉप थाळनेरला आला, तेव्हा किल्ल्यावरून गोळीबार झाला.

त्या काळच्या इंग्रजी वर्णनांनुसार, किल्ल्याच्या एका बाजूला तापी आणि उरलेल्या तिन्ही बाजूंना खोल घळ होती. आत जायला पूर्वेकडून एकच नागमोडी वाट आणि तिच्यावर एकामागोमाग एक पाच दरवाजे.

इंग्रजांनी तोफा डागल्यावर किल्लेदार तुळशीराम मामा बाहेर येऊन स्वाधीन झाला. काही अधिकारी मोजक्या शिपायांसह शेवटच्या दरवाज्याच्या दिंडीतून आत शिरले. तिथे शिबंदीशी बोलणं फिसकटलं आणि त्या अधिकाऱ्यांवर हल्ला झाला. मग इंग्रज फौज आत घुसली. सुमारे ३०० लोकांची शिबंदी कापून काढली गेली आणि किल्लेदाराला फाशी दिली गेली. आधीच स्वाधीन झालेल्या माणसाला फाशी का, हा प्रश्न १८१९ मध्ये ब्रिटिश संसदेत उठला.

कायदा रणभूमीला ओळखतो का?

इथेच खरी अडचण आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात स्मारक म्हणजे बांधकाम, लेणं, शिलालेख, दफनाची जागा वगैरे. संरक्षित स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम करता येत नाही, त्यापुढच्या २०० मीटरांत परवानगी लागते. पण जिथे लढाई झाली ती नुसती मोकळी जमीन या व्याख्येत सहज बसत नाही. तिथे किमान १०० वर्षं जुने अवशेष आहेत असं मानायला आधार असेल, तरच तिला पुरातत्त्वीय स्थळ म्हणता येतं. भिंत वाचते, घळ बुजते, ते यामुळेच.

मग उद्यान केलं तर?

पानिपतला १७६१ च्या लढाईची आठवण म्हणून 'काला अंब' इथे स्तंभ आणि बाग आहे. माणसं येतात, नतमस्तक होतात. पण कुणाची फौज कुठे उभी होती, हे त्या बागेवरून कळत नाही.

अमेरिकेतल्या गेटिसबर्गची रीत वेगळी आहे. १८६३ ची ही रणभूमी १८९५ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाली. तिथे टेकड्या, कुंपणं, तोफांच्या जागा राखल्या आहेत. काही जमिनीवर आजही शेती होते. म्हणजे रणभूमी जपण्यासाठी शेतकऱ्याला उठवावंच लागतं असं नाही.

थाळनेरला कधी उद्यान करायचं ठरलंच, तर हाच फरक महत्त्वाचा. घळ भरून हिरवळ लावली आणि दरवाज्यांच्या वाटेवर फरशी टाकली, तर फिरायला चांगली जागा मिळेल. पण आत शिरलेली ती मोजकी माणसं कशी अडकली, हे पुन्हा कुणाला उमगणार नाही. घळीचा उतार तसाच ठेवून, पाच दरवाज्यांच्या जागा दगडांनी दाखवून, प्रत्येक ठिकाणी काय घडलं याची मराठी पाटी लावली, तर पाहणाऱ्याला ती वाट चालतानाच सगळं कळेल.