चांदीच्या डॉलरच्या न उघडलेल्या थैल्या: किती खऱ्या, किती सांगोवांगीच्या

अमेरिकेतल्या जुन्या चांदीच्या डॉलरबद्दल नाणेसंग्राहकांमध्ये दोन टोकांच्या समजुती आहेत. टाकसाळीतून निघाल्या तशा शिवलेल्या थैल्या आणि बँकेने गुंडाळले तसे रोल अजून कुणाच्या तरी तळघरात पडून आहेत, फक्त नशीब हवे, असे काही जण मानतात. जे होते ते केव्हाच वितळले किंवा फुटले, आता विकली जाते ती निव्वळ फसवणूक, असे दुसरे सांगतात. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. पण पहिलीपायी लोकांचे पैसे बुडतात, म्हणून तिच्याबद्दल अधिक बोलायला हवे.

‘शंभर वर्षांपूर्वीचे नाणे म्हणजे वापरून झिजलेलेच असणार’

मॉर्गन डॉलर १८७८ ते १९०४ आणि पुन्हा १९२१ साली पाडले गेले. त्याच १९२१ मध्ये पीस डॉलर सुरू झाला आणि मध्ये काही वर्षे खंड पडून १९३५ पर्यंत चालला. वजन २६.७३ ग्रॅम, त्यात ९० टक्के चांदी. एवढी नाणी पाडली गेली ती बाजाराची गरज होती म्हणून नव्हे. १८७८ च्या ब्लँड-ॲलिसन कायद्याने सरकारला दरमहा किमान २० लाख डॉलरची चांदी विकत घेऊन तिची नाणी पाडणे भाग पडले. त्यामागे पश्चिमेकडच्या चांदीच्या खाणवाल्यांचा मोठा दबाव होता. पूर्वेकडच्या शहरांत ही जड नाणी खिशात बाळगायला कुणी फारसे तयार नव्हते. लोक त्यांच्याऐवजी चांदीच्या हमीच्या कागदी नोटा वापरत. नाणी मात्र हजाराच्या कॅनव्हासच्या थैल्यांत, प्रत्येकी पावणेसत्तावीस किलोच्या आसपास, सरकारी तिजोऱ्यांत थप्प्या लावून पडून राहिली. म्हणजे एकाही दुकानदाराच्या हाताला न लागलेले १८८० च्या दशकातले डॉलर लाखोंनी उरले आहेत, ही गोष्ट पूर्ण खरी आहे.

‘ज्या वर्षी जास्त पाडले, त्या वर्षीचे जास्त उरले’

असे वाटणे साहजिक आहे, पण मधे १९१८ साल येते आणि त्याचा धागा थेट मुंबईपर्यंत पोचतो. पहिल्या महायुद्धात हिंदुस्थानात चांदीच्या रुपयांची मागणी प्रचंड वाढली. लोक नोटा देऊन रुपये मागू लागले आणि सरकारचा चांदीचा साठा आटत चालला. ब्रिटनने अमेरिकेकडे मदत मागितली. एप्रिल १९१८ मध्ये पिटमन कायदा झाला आणि त्याखाली २७ कोटींहून अधिक डॉलर वितळवले गेले. त्यातल्या जवळजवळ २६ कोटी डॉलरची चांदी ब्रिटनला विकली गेली, ती हिंदुस्थानसाठी. मुंबई आणि कलकत्त्याच्या टाकसाळींत पाचव्या जॉर्जच्या छापाचे रुपये पाडण्यासाठी ती आली. आपल्याकडे कुणाच्या पणजीच्या डब्यात १९१८ किंवा १९१९ चा रुपया असेल, तर त्यातली चांदी कधीकाळी मॉर्गन डॉलर असू शकते. या विषयातली मला सगळ्यात विलक्षण वाटणारी गोष्ट हीच.

कोणत्या सालाचे आणि कोणत्या टाकसाळीचे किती डॉलर भट्टीत गेले, याची नोंद मात्र ठेवलेली नाही. म्हणून किती पाडले या आकड्यावरून किती उरले हे कळत नाही. न्यू ऑर्लीन्सच्या टाकसाळीने १९०३ साली ४४,५०,००० डॉलर पाडले. तरीही १९६२ पर्यंत ते इतके दुर्मीळ मानले जात की न वापरलेल्या एका नाण्याला दीड हजार डॉलर भाव होता. त्या वर्षाच्या अखेरीस फिलाडेल्फियाची अनेक वर्षे मोहोरबंद असलेली एक तिजोरी उघडली, तेव्हा आत याच नाण्यांच्या थैल्या निघाल्या आणि भाव कोसळला. नेवाडातल्या कार्सन सिटी टाकसाळीचा १८८४ चा डॉलर घ्या. पाडले ११,३६,०००, त्यातले ९,६२,६३८ सरकारकडेच पडून होते. १९७२ ते १९८० या काळात सरकारी सेवा प्रशासनाने ते टप्प्याटप्प्याने विकले.

‘टाकसाळीचा मूळ रोल’

टाकसाळ डॉलरचे रोल करतच नव्हती. तिथून थैली निघे. वीस-वीस नाणी कागदात गुंडाळण्याचे काम बँका आणि पुढे नाण्यांचे व्यापारी करत. त्यामुळे ‘मूळ रोल’ या शब्दांना एकच प्रामाणिक अर्थ उरतो: एकाच थैलीतून काढलेली, एकाच साल-टाकसाळीची वीस नाणी, ज्यांत नंतर निवड किंवा अदलाबदल झालेली नाही. कागद किती जुना आहे याने हे सिद्ध होत नाही. प्लॅस्टिकच्या नळीतला संच मूळ असू शकतो आणि पिवळ्या पडलेल्या कागदातला रोल काल संध्याकाळी केलेला असू शकतो.

असे रोल आले कुठून? बहुतेक १९६२ ते १९६४ च्या लाटेतून. तिजोरीची बातमी पसरल्यावर लोक चांदीच्या नोटा घेऊन वॉशिंग्टनमध्ये ट्रेझरीच्या खिडकीसमोर रांगा लावू लागले. हजार डॉलर द्या, हजार डॉलरची थैली घ्या, असा दर्शनी किमतीचा व्यवहार चालू होता. मार्च १९६४ मध्ये सरकारने तो थांबवला तेव्हा शिल्लक होती सुमारे ३० लाख नाणी, बहुतांश कार्सन सिटीची.

‘न चाळलेला रोल, आत काय निघेल सांगता येत नाही’

सगळ्यात महाग पडणारी समजूत ही. आंतरजालावरच्या लिलावांत कागदात घट्ट वळलेला रोल दाखवतात. एका टोकाला कार्सन सिटीचे ‘सीसी’ चिन्ह दिसते, दुसऱ्या टोकाला एखादे किमती साल. मधली अठरा नाणी दिसत नाहीत, आणि घेणारा पैसे देतो ते त्या अठरांच्या आशेवर.

थोडा हिशेब करून पाहा. १९६४ पासून ही नाणी जाणकारांच्या हातांतून फिरत आहेत. लिरॉय व्हॅन ॲलन आणि जॉर्ज मॅलिस यांनी साच्यांतले बारीक फरक नोंदवून वर्गीकरण केले, तेव्हापासून भिंग घेऊन एकेक नाणे तपासणारे हजारो झाले. १९८६ साली पीसीजीएस आणि १९८७ साली एनजीसी या संस्थांनी नाण्यांना दर्जा देऊन ती डब्यांत सीलबंद करायला सुरुवात केली. त्यानंतर रोल फोडून उत्तम नाणी वेगळी विकणे हाच फायद्याचा मार्ग ठरला. ज्याच्याकडे खरोखर न चाळलेला रोल आहे, तो चाळल्याशिवाय विकेल कशाला? रोलची टोके वळवणारे यंत्र कुणालाही विकत मिळते, आणि छापील बँकनावाचा कागद तर त्याहून सोपा. टोकाला जी नाणी दिसतात ती तुम्हाला दिसावीत म्हणूनच बसवलेली असण्याची शक्यता फार मोठी आहे.

खऱ्या वीस नाण्यांचे वजन सुमारे ५३४.६ ग्रॅम भरते. कागदासकट त्याहून कमी भरले तर लगेच नाकारा. बरोबर भरले, तरी त्यातून आतली साले कळत नाहीत.

‘थैलीत राहिलेले नाणे निष्कलंक असते’

उलट. जड, मऊ धातूची हजार नाणी एका थैलीत. ती थैली मोजणीसाठी, हलवण्यासाठी वारंवार उचलली आणि आपटली जाई. गालावर, कपाळावर बारीक खाचा पडणे हे मूळपणाचेच लक्षण आहे. थैलीच्या कापडाला टेकलेल्या नाण्यांवर गंधकामुळे निळी, सोनेरी, जांभळी झाक चढते. रोलमध्ये टोकांची नाणी रंग धरतात आणि आतली पांढरी राहतात. वीसच्या वीस नाणी आरशासारखी चकचकीत दिसत असतील, तर कुणीतरी ती रसायनात बुडवली असल्याचा संशय घ्यावा.

नेवाडातल्या रेनो गावच्या ला व्हेअर रेडफील्ड यांचा साठा हे याचे चांगले उदाहरण. १९७४ साली ते वारले तेव्हा घरात चार लाखांवर चांदीचे डॉलर सापडले, बरेचसे थैल्यांतून आलेले. १९७६ मध्ये ए-मार्क कंपनीने ते ७३ लाख डॉलरला घेतले. अशा अस्सल साठ्यातल्याही अनेक नाण्यांवर मोजणी-यंत्राचे ओरखडे आहेत.

मग उरले काय?

साध्या सालांचे मूळ रोल आजही मिळतात: १९२१ चे मॉर्गन, १९२२ आणि १९२३ चे पीस, १८८० च्या दशकातली सॅन फ्रान्सिस्कोची काही साले. त्यांच्यात दडलेला खजिना नसतो, म्हणूनच ते शाबूत राहिले. शिवलेली अख्खी थैली ही फारच विरळा गोष्ट. ती खरी असेल तर तिच्यासोबत कुठून आली याचे कागद असतात, आणि ती अनोळखी विक्रेत्याच्या छायाचित्रात नव्हे तर नावाजलेल्या लिलावगृहात दिसते. कार्सन सिटीच्या नाण्यांचे मूळपण हवे असेल तर सरकारी विक्रीतल्या कडक प्लॅस्टिकच्या डब्यातले नाणे घ्यावे. त्या थैल्या सरकारने स्वतः उघडल्या होत्या, पण नाणे कुठून आले याबद्दल शंका राहत नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी घरांत जुन्या शेजाऱ्याकडून किंवा सासरकडून असा एखादा रोल आलेला असू शकतो. तो पुसू नका, चिंचेने घासू तर मुळीच नका. दोन्ही टोकांचे आणि कागदावरच्या छपाईचे फोटो काढा, कुणी कधी दिला ते लिहून ठेवा, आणि उघडायचा असेल तर जाणकार समोर असताना, कॅमेरा चालू ठेवून उघडा.