शिवेवर अडकलेला आकडा

अहमदपूरच्या एखाद्या विद्यार्थिनीने मोबाइलवर मराठी विकिपीडियाचे पान उघडले, की दूरच्या सर्व्हरवर ‘पीएचपी’ या भाषेत लिहिलेला प्रोग्राम ते पान तयार करून पाठवतो. वर्डप्रेसवर उभारलेल्या शाळा-महाविद्यालयांच्या, दुकानांच्या, संस्थांच्या असंख्य वेबसाइटही याच भाषेवर चालतात. २०११च्या पहिल्याच आठवड्यात या भाषेतला एक विचित्र दोष जगासमोर आला. एक विशिष्ट आकडा समोर आला, की पीएचपी जागच्या जागी अडकायची. उत्तर येत नव्हते आणि चूक झाल्याचा संदेशही येत नव्हता. प्रोसेसर मात्र पूर्ण वेगाने राबत राहायचा.

तो आकडा होता २.२२५०७३८५८५०७२०११ गुणिले १० चा उणे ३०८ वा घात. म्हणजे दशांश चिन्हानंतर ३०७ शून्ये आणि मग २२२५०७... अशी अंकांची रांग. इतक्या लहान आकड्याची व्यवहारात कुणाला गरज पडत नाही. पण एखाद्याने तो मुद्दाम वेबसाइटच्या चौकटीत टाइप केला आणि प्रोग्रामने त्याला संख्या मानून हिशेब सुरू केला, तर काय? तेवढ्या एका विनंतीने सर्व्हरचा एक प्रोसेसर गुंतून पडणार. अशा मोजक्या विनंत्या पाठवल्या तरी वेबसाइट बंद पाडता येणार. पासवर्ड चोरण्याची किंवा व्हायरस पाठवण्याची गरजच नव्हती, आणि धोका होता तो इथेच.

चूक दुभाष्याची

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त शून्य आणि एकची भाषा कळते. माणूस पीएचपी, पायथॉन अशा भाषांत सूचना लिहितो. त्या सूचना वाचून प्रोसेसरकडून काम करून घेणारा प्रोग्राम म्हणजे इंटरप्रिटर, सरळ मराठीत दुभाषा.

प्रोग्राम अडकला, की लिहिणारा आधी स्वतःच्याच ओळी तपासतो. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते. पण इथे प्रोग्रामच्या एका ओळीत फक्त तो आकडा लिहिला, तरी सारे ठप्प होत होते. एका ओळीत चूक असायला जागाच किती? याचा अर्थ सांगणाऱ्याचे वाक्य बरोबर होते, दुभाषाच एका शब्दावर अडखळत होता.

हा दोष रिक रेगन या अमेरिकी प्रोग्रामरच्या लक्षात आला. दशांश आकडे संगणकाच्या द्विमान पद्धतीत नेमके कसे बदलले जातात, याचा ते बारकाईने अभ्यास करत होते. वेगवेगळ्या भाषांना अवघड आकडे देऊन उत्तर अचूक येते का, हे तपासत होते. त्या तपासणीत पीएचपी उत्तरच देईना. डिसेंबर २०१०च्या अखेरीस त्यांनी ही बाब पीएचपीच्या विकासकांना कळवली.

संगणक आकडा कसा धरतो

कोडे उलगडण्याआधी एक छोटा प्रयोग करून पाहता येतो. कॉलेजच्या लॅबमधल्या कोणत्याही संगणकावर पायथॉन उघडून ०.१ अधिक ०.२ किती, असे विचारावे. उत्तर ०.३ येत नाही. ०.३०००००००००००००००४ असे येते. हा बग नाही. एक भागिले तीन दशांशात लिहायला गेले, की ०.३३३... असे न संपणारे शेपूट लागते. तसेच एक दशांश हा आकडा द्विमान पद्धतीत लिहिताना कधीच संपत नाही. संगणकाला तो कुठे तरी तोडावा लागतो आणि जवळचा आकडा घ्यावा लागतो.

अशा आकड्यासाठी संगणक साधारणपणे ६४ बिटांची जागा देतो. १९८५मध्ये ठरलेल्या ‘आयईईई ७५४’ या मानकात याचे नियम आहेत. ते घडवण्यात मोठा वाटा असलेले गणितज्ञ विल्यम कहान यांना १९८९चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या ६४ बिटांत सर्व आकडे मावत नाहीत. संख्यारेषेवर ठरावीक अंतराने खुंट्या ठोकाव्यात, तसे निवडक आकडेच मावतात. मधला आकडा आला, की तो जवळच्या खुंटीला टांगायचा. आकडा बरोबर मध्यावर असला, तर सम अंकाच्या खुंटीला टांगायचा.

शून्याच्या अगदी जवळ या रेषेवर एक शीव आहे. शिवेच्या वरच्या आकड्यांना पूर्ण अचूकता मिळते आणि त्यांना ‘सामान्य’ म्हणतात. शिवेखाली खुंट्यांमधले अंतर आणखी कमी होत नाही, त्यामुळे आकड्याचे अचूक अंक कमी कमी होत जातात. हे ‘उपसामान्य’ आकडे. सर्वांत लहान सामान्य आकड्याचे शेवटचे अंक ...२०१४ असे येतात, तर सर्वांत मोठ्या उपसामान्य आकड्याचे ...२००९. पीएचपीला अडवणारा आकडा ...२०११ होता. म्हणजे दोन्हींच्या जवळपास मध्यावर, अगदी शिवेवर.

तपासाची दिशा

शोध घेणाऱ्यांसमोरच्या खुणा एकमेकींशी जुळत नव्हत्या. शेवटचा अंक बदलला, की पीएचपी सुरळीत चालायची. तीच किंमत दशांश चिन्ह सरकवून वेगळ्या रीतीने लिहिली, तरी मात्र ती अडकायची. याचा अर्थ दोष अंकांच्या मांडणीत नव्हता, किमतीत होता.

दुसरी खूण अधिक महत्त्वाची ठरली. एका संगणकावर हमखास अडकणारा प्रोग्राम दुसऱ्यावर बिनदिक्कत चालत होता. भाषा तीच, प्रोग्राम तोच आणि आकडाही तोच. फरक इतकाच, की अडकणारे संगणक इंटेल धाटणीच्या ३२ बिटांच्या व्यवस्थेवर चालत होते. ६४ बिटांच्या व्यवस्थेवर दोष दिसत नव्हता. पीएचपीचा मजकूर दोन्हीकडे सारखाच असल्याने संशयाची सुई हिशेब करणाऱ्या यंत्रभागाकडे वळली.

जुन्या इंटेल प्रोसेसरमध्ये दशांश हिशेबासाठी स्वतंत्र विभाग असे. त्याचे मूळ १९८०च्या ८०८७ या चिपमध्ये आहे. या विभागातल्या रजिस्टर नावाच्या खणांत आकडा ६४ नव्हे, ८० बिटांत धरला जातो. हेतू चांगला होता. मधले हिशेब जास्त जागेत केले, तर शेवटचे उत्तर अधिक अचूक यावे. नव्या ६४ बिटांच्या व्यवस्थेत हा विभाग सहसा वापरला जात नाही. तिथे आकडा पहिल्यापासून ६४ बिटांतच राहतो.

इंटरप्रिटर नेमका कुठे अडकतो, हेही सापडले. लिहिलेल्या आकड्याचे द्विमान रूप करणारा कोडचा एक भाग आहे. त्याचा मूळ आराखडा बेल लॅब्सच्या डेव्हिड गे यांचा, १९९०च्या सुमाराचा. आजही अनेक भाषा त्यावर विसंबून आहेत. त्याची पद्धत अशी, की आधी एक अंदाज करायचा, तो खऱ्या किमतीशी ताडून पाहायचा, फरक असला तर दुरुस्ती करायची आणि पुन्हा ताडून पाहायचे. फरक नगण्य झाला, की थांबायचे. शिवेवरच्या आकड्यासाठी ही फेरी थांबतच नव्हती.

दोन काटे, एक पोते

असे का व्हावे? अहमदपूरच्या बाजार समितीतल्या सोयाबीनच्या पोत्यावरून ते समजेल. समजा, हिशेबाच्या पट्टीवर फक्त पूर्ण किलो लिहायचे, असा नियम आहे. आतला काटा मात्र अर्ध्या किलोपर्यंत वजन दाखवतो. पोत्याचे खरे वजन ४९ किलो ४३० ग्रॅम. पट्टीवर ४९ यायला हवे, पण मापाड्याने पहिल्या अंदाजाने ५० लिहिले आहे.

तपासणारा म्हणतो, ‘५७० ग्रॅम जास्त लिहिलेत, कमी करा.’ मापाडी पूर्ण किलोतच विचार करत असता, तर ५७० ग्रॅमचा एक किलो धरून त्याने ५० मधून एक वजा केला असता. पट्टीवर ४९ आले असते आणि काम संपले असते.

पण तो आतल्या काट्यावर हिशेब करतो. ५० मधून ५७० ग्रॅम गेले, राहिले ४९ किलो ४३० ग्रॅम. काटा जवळचा अर्धा किलो दाखवतो, म्हणजे साडेएकोणपन्नास. आता हे पट्टीवर पूर्ण किलोत लिहायचे. साडेएकोणपन्नास ४९ आणि ५० च्या बरोबर मध्ये येते, आणि नियम सांगतो की मध्यावर आले तर सम आकडा घ्यावा. मापाडी पुन्हा ५० लिहितो. तपासणारा पुन्हा सांगतो, ‘५७० ग्रॅम कमी करा.’ तपासणारा बरोबर सांगतो, मापाडीही नियमानेच वागतो, तरी पोते काट्यावरून उतरत नाही.

पीएचपीत नेमके हेच घडत होते. रजिस्टर म्हणजे आतला काटा आणि मेमरी म्हणजे पट्टी. शिवेखाली रजिस्टरला अर्ध्या पावलाचा आकडाही धरता येत होता, मेमरीला फक्त पूर्ण पावलाचा. एकच आकडा दोनदा पूर्णांकित होत होता आणि दुसऱ्या वेळी केलेली दुरुस्ती पुसली जात होती. अधिक अचूकतेसाठी दिलेली जादा जागाच इथे नडली.

अशा दोषांचा शोध आणखी एका कारणाने अवघड होतो. आत काय चालले आहे हे पाहायला प्रोग्रामर मधली किंमत पडद्यावर छापायची ओळ घालतो. त्या ओळीमुळे आकडा रजिस्टरमधून मेमरीत उतरू शकतो आणि दोष गायब होतो. ओळ काढली, की तो परत येतो. डॉक्टरांपुढे बसताच खोकला थांबावा आणि घरी पोचताच उबळ यावी, तसा हा प्रकार.

एका शब्दाचा उपाय

कारण कळल्यावर औषध फार लहान निघाले. कोडमध्ये संबंधित चलापुढे ‘व्होलाटाइल’ हा एक शब्द लिहिला गेला. त्याचा अर्थ असा, की ही किंमत रजिस्टरमध्ये ठेवून पुढे जाऊ नका, प्रत्येक पायरीला मेमरीत लिहा आणि तिथूनच परत वाचा. म्हणजे मापाड्याला दर वेळी पट्टीवरचाच आकडा वापरायला लावले. ६ जानेवारी २०११ रोजी पीएचपीच्या ५.३.५ आणि ५.२.१७ या दुरुस्त आवृत्त्या आल्या. दोष कळवल्यापासून इलाजापर्यंत जेमतेम आठवडा लागला. कोड सर्वांना वाचायला खुला होता आणि दोष कसा घडवून आणायचा हे एका ओळीत सांगता येत होते, म्हणून हे साधले.

गोष्ट इथे थांबली नाही. ही बातमी वाचून कॉन्स्टँटिन प्राइसर यांनी जावा ही भाषा तपासली. शेजारचाच ...२०१२ वर संपणारा आकडा दिल्यावर जावाही अडकली. तिथे ८० बिटांच्या रजिस्टरचा संबंध नव्हता. दुरुस्तीची फेरी शिवेच्या अलीकडच्या आणि पलीकडच्या आकड्यांत सतत ये-जा करत होती. ब्राउझर प्रत्येक विनंतीबरोबर ‘आधी मराठी, मग हिंदी, मग इंग्रजी’ अशी भाषांची पसंती दशांश आकड्यांत कळवतो. जावावर चालणारे काही सर्व्हर तो आकडा वाचतानाच अडकू शकत होते. त्यामुळे चौकटीत काही टाइप करण्याचीही गरज उरली नव्हती. ओरॅकलने ८ फेब्रुवारी २०११ रोजी तातडीची दुरुस्ती दिली. असाच दोष २००१मध्येच नोंदवला गेल्याचे नंतर लक्षात आले. तक्रार आली होती, पण तिचे गांभीर्य ओळखले गेले नव्हते.

लहान चुकीचे वजन

इतक्या सूक्ष्म आकड्याची चिंता कशाला, असा प्रश्न पडू शकतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धाहरान येथे अमेरिकेच्या पेट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारे स्कड क्षेपणास्त्र अडवता आले नाही आणि २८ सैनिक ठार झाले. चौकशीत कारण निघाले ते एक दशांश सेकंद २४ बिटांत तोडून ठेवल्याचे. यंत्रणा १०० तास सलग चालू होती. प्रत्येक ठोक्याची नगण्य चूक साठत जाऊन घड्याळ सुमारे ०.३४ सेकंद चुकले. तेवढ्या वेळात स्कड अर्ध्या किलोमीटरहून अधिक पुढे सरकते.

आज औषधाची मात्रा मोजणारे पंप, स्कॅन यंत्रे, बँकेचे हिशेब, हवामानाचे अंदाज या सगळ्यांमागे असेच तोडलेले आकडे असतात. बहुतेक वेळा ते निर्धोक असतात, कारण कुणी तरी शिवेवरचे आकडे मुद्दाम देऊन ते तपासलेले असतात.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांनी या तपासातून उचलावी अशी गोष्ट साधी आहे. ‘प्रोग्राम चालत नाही’ ही तक्रार कुणालाच उपयोगी पडत नाही. कोणती ओळ, कोणता आकडा, कोणता संगणक, आणि काय बदलले की दोष जातो, एवढे लिहून काढले, की निम्मे निदान झालेले असते. कुणाला कधीच लागणार नाही असा आकडा देऊन पाहण्याची सवय असली, तर उरलेलेही होते.