झाकणाखालचं रबर

पालघर जिल्ह्यातल्या सातपाटीच्या समोर, खाडीच्या दुसऱ्या काठावर मुरबे. इथून निघणाऱ्या बोटींच्या केबिनमध्ये जीपीएस, फिश फाइंडर, वायरलेस आता नेहमीचे झालेत. ३० ऑगस्ट २०२४ला त्यांत आणखी एका डब्याची भर पडायची सोय झाली. त्या दिवशी पालघरला वाढवण बंदराची पायाभरणी झाली आणि त्याच मांडवात एक लाख मासेमारी नौकांवर ट्रान्सपॉन्डर बसवायची सुमारे ३६० कोटींची योजनाही जाहीर झाली. ज्या बंदराला इथल्या मच्छीमारांचा विरोध, त्याच्याच समारंभात त्यांच्या जिवाची काळजी वाहणारं यंत्र मिळावं, हा योग विचित्रच. मोबाइलची रेंज संपली तरी तांडेलाला उपग्रहामार्फत संकटाचा संदेश धाडता यावा, हे या यंत्राचं काम.

समुद्रावरच्या अशा कुठल्याही यंत्राचं आयुष्य झाकणाखालच्या रबरी गॅस्केटवर अवलंबून असतं.

डबा आणि झाकण कितीही सपाट दिसले तरी त्यांच्यात बारीक फटी राहतात. स्क्रू आवळले की मधलं रबर दबतं, फटींत शिरतं आणि परत फुलू पाहतं. पाणी अडतं ते या फुलण्याच्या जोरावर. गोल रिंग साधारण जाडीच्या पाचव्या-चौथ्या हिश्शाइतकी दाबतात. दाबल्याने रबराचा आकार बदलतो, घनफळ जवळपास तेवढंच राहतं. म्हणून खाचेत त्याला पसरायला थोडी मोकळी जागा लागते. ‘अजून थोडं आवळ’ हा आपल्याकडचा सार्वत्रिक सल्ला इथे घातक. स्क्रूपाशी झाकण खाली बसतं, दोन स्क्रूंच्या मधे उचललं जातं, आणि पाणी तिथूनच आत येतं.

रबर निवडणंही सोपं नाही. नायट्राइल डिझेलला पुरून उरतं, पण ऊन आणि ओझोनने तडकतं. ईपीडीएम उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतं, पण तेल लागलं की फुगतं. सिलिकॉनला उष्णता-थंडी दोन्ही चालतात, मात्र ते लवकर फाटतं आणि वाफेला फारसं अडवत नाही. बोटीवर ऊन, डिझेल, मीठ सगळंच एकत्र.

डब्यावर ‘आयपी ६७’ छापलेलं पाहून गिऱ्हाईक निर्धास्त होतं. त्यातला ६ धुळीसाठी, ७ पाण्यासाठी: एक मीटर खोलीत अर्धा तास. ही चाचणी गोड्या पाण्यात, नव्या डब्यावर होते. जोराच्या फवाऱ्याची परीक्षा वेगळी. ६७ मिळालेला डबा तीत पास होईलच असं नाही.

खरी परीक्षा उन्हात होते. बंद डबा दुपारी ६० अंशांपर्यंत तापला, आतली हवा फुगून थोडी थोडी निसटली, आणि मग अंगावर लाट येऊन तो २५ अंशांवर आला, तर आतला दाब सुमारे दहा टक्क्यांनी उतरतो. म्हणजे एक मीटर पाण्याइतकी ओढ! डबा पाण्यात न बुडताही बुडाल्यासारखा वागतो आणि कडेवर साचलेलं खारं पाणी आत खेचतो. यावर उपाय म्हणजे डब्याला मुद्दाम भोक पाडायचं. त्यावर ताणलेल्या टेफ्लॉनचा पातळ पडदा बसवतात. त्याच्या सूक्ष्म छिद्रांतून हवा जाते-येते, थेंब जात नाही. अमेरिकेत बॉब गोर यांना टेफ्लॉन असं ताणता येतं हे ऑक्टोबर १९६९मध्ये सापडलं.

बंदरावरच्या दुरुस्तीत हा पडदा बहुधा पहिला बळी जातो. भोक दिसलं की एम-सील! झाकणाच्या कडेलाही व्हिनेगरचा वास येणारं सिलिकॉन फासलं जातं. तो वास ॲसेटिक ॲसिडचा. सिलिकॉन सुकताना सुटणारं हे ॲसिड आतल्या तांब्याला गंज चढवतं. पाणी थोपवता थोपवता सर्किट खायची व्यवस्था.

१ जूनपासून मासेमारी बंद झाली की डबे उघडायला सवड मिळते. तेव्हा गॅस्केट बोटांत धरून पाहावं. सतत दाबाखाली राहिलेलं रबर हळूहळू चपटं होतं आणि परत फुलायचं विसरतं. गोल रिंगेची बाजू सपाट झाली असेल तर ती उलटी करून बसवण्यात अर्थ नाही, नवीनच घालावी. खाचेतलं मीठ ओल्या फडक्याने पुसून ती कोरडी करावी, कारण मिठाचा एक खडाही फट राखून ठेवतो. झाकण बसवताना समोरासमोरचे स्क्रू आळीपाळीने, थोडे थोडे आवळावेत. आणि केबल डब्यात शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्यावा, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी तिथूनच गळून पडतं.