पट्टीचा पालट आणि रागाची मर्यादा

मीरा-भाईंदरमध्ये गणेशोत्सव, नवरात्र आणि हळदीचे समारंभ यांसाठी लागणारा ‘ट्रॅक’ आता घरच्याच एखाद्या खोलीत, संगणकाच्या पडद्यावर तयार होऊ शकतो. आणि ऐन वेळी काळी एकमध्ये गाणाऱ्या पुरुषाच्या जागी काळी चारमध्ये गाणारी स्त्री उभी राहिली, की ज्या कामासाठी पूर्वी साऱ्या वाद्यवृंदाची नव्याने तालीम घ्यावी लागे, ते काम केवळ एका आकड्याच्या फेरबदलाने उरकते.

या सोयीचे मूळ 1983 साली रूढ झालेल्या ‘मिडी’ या संकेतपद्धतीत आहे. तिच्यात प्रत्येक स्वराला एक क्रमांक मुकरर केलेला असतो: मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे 60, काळी एक 61 आणि काळी चार 68. सबब प्रत्येक स्वरात सात मिळवले, किंवा पाच वजा करून खालच्या सप्तकातील काळी चार गाठली, तरी स्वरांमधील परस्पर अंतरे अबाधित राहतात आणि चाल तीच राहते. तालवाद्यांना मात्र हा हुकूम लागू करू नये. तेथे क्रमांक स्वराचा नसून आघाताचा असतो. प्रचलित संकेतानुसार 36 हा बास ड्रम आणि 38 हा स्नेअर असल्यामुळे दोनच पायऱ्या चढवल्या, की ठेक्याचे पार रूपांतर होते. तबल्याचे बोलही असेच वेगवेगळ्या पट्ट्यांवर वाटून दिलेले असल्याने तबला नव्या षड्जात मिळवायचा तो त्या वाद्याच्या स्वतंत्र ट्यूनिंगमधूनच.

याहून नाजूक आहे तो स्वरसप्तकाच्या आतल्या आत वाक्य सरकवण्याचा पर्याय. भूपातील ‘सा रे ग प ध’ ही ओळ बिलावलाच्या सात स्वरांतून दोन पायऱ्या वर नेली, तर ‘ग म प नी सां’ असे स्वर उमटतात, आणि भूपात सर्वथा वर्ज्य असलेले मध्यम व निषाद बिनदिक्कत आत शिरतात. सप्तक म्हणून भूपाचेच पाच स्वर निवडले, तर तीच ओळ ‘ग प ध सां रें’ अशी येते. आणि साथीतील षड्जही गंधारावर नेला, तर कानावर मालकंसाचे स्वर पडतात. आपल्या शास्त्रकारांनी मूर्च्छना म्हणून जो व्यवहार सांगितला, तो असा एका कळीसरशी प्रत्यक्षात यावा, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

कॉर्डमध्ये जादा स्वर मिसळतानाही हाच विवेक लागतो. ‘सा-ग-प’ या त्रयीला भरीवपणा यावा म्हणून ‘मेजर सेव्हन्थ’ निवडली, की शुद्ध निषाद लागतो आणि भूपाचा भंग होतो. उलट सहावा म्हणून धैवत आणि नववा म्हणून तार ऋषभ मिळवला, तर त्या एकाच कॉर्डमध्ये भूपाचे पाचही स्वर, एकही परका न येता, एकत्र नांदतात. मालकंसात षड्जावरची मायनर कॉर्ड धरणे हाच मोठा प्रमाद, कारण तिच्यात वर्ज्य पंचम आहे. तेथे मध्यमापासून आरंभ करून ‘म, कोमल ध, सा’ आणि जोडीला सातवा म्हणून कोमल गंधार घेतला, तर रागाची मुद्रा शाबूत राहते. एका बोटाने कॉर्ड उभी करणारी तजवीज बहुतेक प्रणालींत असते, परंतु कोणता स्वर वर्ज्य हे तिला ठाऊक नसते.

राग आणि स्वरसंवाद यांचा मेळ घालण्याचा प्रश्न संगणकाबरोबर जन्मलेला नाही. गोव्यातील माजोर्ड्याचे व्हायोलिनवादक आणि संयोजक अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे पुढे नामांकित झालेले संगीतकार प्यारेलाल व्हायोलिन शिकले, त्यांनी 1958 साली मुंबईत वाद्यवृंद उभारून रागसंगीत पाश्चात्त्य रचनेत बसवण्याचा प्रयत्न केला होता. तो प्रत्येक वादकासाठी कागदावर स्वर लिहून करावयाचा उद्योग होता. त्यात कोणता स्वर कोठे ठेवावा, हे लिहिणाऱ्याला आधी ठरवावेच लागे.

आपल्या शहरातील तरुण संयोजकांना म्हणून एवढीच विनंती आहे, की कॉर्डची यादी उघडण्यापूर्वी चालीचे स्वर एकदा हार्मोनियमवर वाजवून पाहावेत, वर्ज्य स्वर कागदावर लिहून समोर ठेवावेत, आणि पट्टी बदलल्यानंतर तालवाद्यांचा ट्रॅक न चुकता वेगळा ऐकावा.