रक्तदाब आवरा, स्मृती सावरा

वाढलेला रक्तदाब हृदयाला घातक असतो, हे आपण सारेच जाणतो. पण तोच रक्तदाब वर्षानुवर्षे गुपचूप बुद्धीलाही पोखरत असतो, याकडे किती जणांचे लक्ष असते?

आमच्या शेजारच्या काकू म्हणजे चालतीबोलती हिशेबवही. वीस वर्षे बायकांची भिशी त्यांनी तोंडी हिशेबावर सांभाळली. दिवाळीत एका शेगडीवर चकलीचे तेल, दुसरीवर लाडवांचा पाक, मध्येच चिवड्याची फोडणी; पण एक पदार्थ कधी बिघडला नाही. मागच्या दिवाळीत मात्र चकलीचे पीठ भिजवलेले तसेच राहिले, पाक पुढे गेला आणि काकू ओट्याशी उभ्या राहून सुनेला विचारू लागल्या, "आधी काय करायचं होतं गं?"

"आईंचं हल्ली लक्षच नसतं," सून म्हणाली. मुलाने 'वय झालं' म्हणून विषय संपवला. वय होते अवघे 66. भिशीचा हिशेब लागोपाठ दोन महिने चुकला, तेव्हा कुठे त्यांना डॉक्टरांकडे नेले.

डॉक्टरांनी आधी रक्तदाब मोजला. 178/100! "गोळी घेत नाही का?" "दोन वर्षांपूर्वीच बंद केली. डोकं दुखत नव्हतं, चक्कर येत नव्हती, मग कशाला?" एमआरआयमध्ये मेंदूच्या आतल्या भागात पांढरट डाग दिसले आणि पक्षाघाताच्या दोन बारीकशा जुन्या खुणाही. घरच्यांना खरे वाटेना. काकूंचा हात-पाय कधी लुळा पडला नव्हता, की बोलणे अडखळले नव्हते.

मग डॉक्टर मुलाकडे वळले. "आता तुम्ही बसा." 44 वर्षांच्या, स्वतःला ठणठणीत समजणाऱ्या त्या मुलाचा रक्तदाब निघाला 152/98.

मेंदूला उसंत नसते

आपल्या शरीराच्या वजनात मेंदूचा वाटा जेमतेम 2 टक्के. पण शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे 20 टक्के तो एकटाच वापरतो. शिवाय तो साठा करून ठेवू शकत नाही. म्हणून त्याला रक्ताचा पुरवठा अखंड व्हावा लागतो.

निरोगी धमन्या लवचिक असतात. हृदयाच्या प्रत्येक ठोक्याचा जोर त्या फुगून झेलतात आणि पुढे रक्त संथपणे सोडतात. रक्तदाब सतत वाढलेला राहिला, की धमन्या ताठर होतात. मग ठोक्याचा मार थेट मेंदूतल्या केसाएवढ्या बारीक रक्तवाहिन्यांवर बसतो. त्यांच्या भिंती जाड होतात, वाट अरुंद होते. एखादी पूर्ण बंद पडली, तर तेवढाच इवलासा भाग मरतो. बाहेर काहीच दिसत नाही. यालाच डॉक्टर 'मूक पक्षाघात' म्हणतात.

हे नुकसान बहुतेक वेळा मेंदूच्या एका भागाला दुसऱ्याशी जोडणाऱ्या तंतूंचे होते. म्हणून अशा माणसाला नावे, चेहरे, जुन्या गोष्टी आठवत असतात. पण विचार मंदावतो, कामांचा क्रम लावता येत नाही, एका वेळी दोन गोष्टी झेपत नाहीत. काकूंना प्रत्येक पदार्थाची कृती तोंडपाठ होती. हरवली होती ती त्यांची सांगड. घरच्यांना तो आळस किंवा हट्ट वाटतो आणि मोलाचा वेळ निघून जातो.

तेव्हा गोळी नव्हती

अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट 12 एप्रिल 1945 रोजी मेंदूतील रक्तस्रावाने मरण पावले. त्या दिवशी त्यांचा रक्तदाब 300/190 वर गेला होता. एवढ्या मोठ्या माणसासाठीही तेव्हा रक्तदाब खात्रीने उतरवणारी गोळी उपलब्ध नव्हती. चारच वर्षांनी, 1949 साली, मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी सर्पगंधा या आपल्या वनस्पतीचा रक्तदाबावरील उपयोग ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात मांडला आणि जगाचे लक्ष वेधले. आज त्याहून सोयीच्या अनेक गोळ्या मिळतात. तरीही आपण त्या टाळतो, हे दुर्दैवच म्हणायचे!

संशोधन काय सांगते?

हवाई बेटांवरील जपानी वंशाच्या पुरुषांची अनेक वर्षे पाहणी करण्यात आली. मध्यमवयात ज्यांचा रक्तदाब वाढलेला होता आणि ज्यांनी उपचार घेतले नव्हते, त्यांच्यात म्हातारपणी स्मृतिभ्रंशाचे प्रमाण अधिक आढळले.

मग रक्तदाब उतरवला तर बुद्धी वाचते का? अमेरिकेत 9,361 जणांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2019 साली प्रसिद्ध झाले. वरचा आकडा 120 च्या खाली ठेवण्याचे उद्दिष्ट असलेल्या गटात, 140 चे उद्दिष्ट असलेल्या गटापेक्षा, बुद्धीच्या सौम्य घसरणीचे प्रमाण 19 टक्क्यांनी कमी होते. स्मृतिभ्रंशाबाबत मात्र तेव्हा ठाम निष्कर्ष निघाला नाही. तो दिला चीनने. तेथील 326 खेड्यांतल्या सुमारे 34,000 लोकांवरील प्रयोगाचे निष्कर्ष 2025 मध्ये आले. निम्म्या खेड्यांत गावातल्याच वैद्यकीय सेवकांनी लोकांच्या रक्तदाबावर नेटाने लक्ष ठेवले, गोळ्या दिल्या. चार वर्षांत तेथे स्मृतिभ्रंश 15 टक्क्यांनी कमी आढळला.

आपल्याकडे 60 वर्षांवरील सुमारे 88 लाख लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 21 टक्के स्त्रिया आणि 24 टक्के पुरुष रक्तदाबाचे रुग्ण आढळले. स्मृतिभ्रंशाची सगळीच कारणे आपल्या हाती नसतात. पण हे एक कारण तरी नक्कीच आहे.

घरात काय कराल?

• तिशीनंतर वर्षातून एकदा रक्तदाब मोजा. घरातल्या सर्वांचे करणाऱ्या गृहिणीने स्वतःला विसरू नये. गरोदरपणी रक्तदाब वाढला असेल, तर पुढेही नियमित तपासणी हवी.

• मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू नको. पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून शांत बसा. पट्टा बांधलेला दंड हृदयाच्या पातळीवर असावा. मिनिटभराने पुन्हा मोजा. आकडा वारंवार 140/90 किंवा त्याहून अधिक येत असेल, तर डॉक्टरांना भेटा.

• दिवसभरात मीठ पाच ग्रॅमपेक्षा, म्हणजे चहाच्या सपाट चमच्यापेक्षा, कमी हवे. यात लोणचे, पापड, फरसाण यांतले मीठही आले. ताटात वरून मीठ वाढण्याची पद्धत बंद करा.

• आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास भरभर चाला. तंबाखू आणि मिश्री सोडा. मधुमेह असेल, तर तोही ताब्यात ठेवा.

• आकडा उतरला म्हणून गोळी बंद करू नका. तो गोळीमुळेच उतरलेला असतो. उभे राहताना चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना सांगा. मात्रा स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

• विसराळूपणा थायरॉइड, बी-12 ची कमतरता किंवा नैराश्य यांमुळेही येतो आणि त्यावर उपचार असतात. म्हणून 'वय झालं' म्हणून गप्प बसू नका.

काकूंची गोळी आता रोज चुकत नाही. गेलेले सगळे परत आले नाही. पण मागच्या तपासणीत घसरण वाढलेली नव्हती. भिशीचा हिशेब त्या वहीत लिहितात आणि सून शेजारी बसून पडताळते. 'लक्षच नसतं' हे शब्द त्या घरात आता कोणी उच्चारत नाही. मुलगा सकाळी चालायला जातो, जेवणात लोणचे घेत नाही आणि न विसरता आपली गोळी घेतो. आईच्या बाबतीत उशीर झाला, ही खंत त्याला आहेच. तुमच्या घरी मात्र तसा उशीर होऊ देऊ नका. या रविवारी घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचा रक्तदाब मोजा आणि आकडा कॅलेंडरवर लिहून ठेवा.